इंजिनीअर व्हावे की न व्हावे?

रोहिणी सरून मृगाचे ढग दिसू लागले, की आपल्याकडे घरोघर एका प्रश्नाची चर्चा सुरू होते. बारावीचा निकाल हाती आलेला असतो, प्रवेशपरीक्षांचे क्रमांक कळलेले असतात, आणि मुलगा किंवा मुलगी पुढे काय करणार, याविषयी स्वतः त्या मुलाखेरीज इतर सर्वांचे मत निश्चित झालेले असते. त्यांतही डॉक्टरकीचे दार ज्यांना उघडत नाही, किंवा ज्यांना त्या दाराशी जायचेच नसते, त्यांच्यापुढे इंजिनीअरिंग हा जणू ठरलेलाच रस्ता असतो. तो रस्ता धरावा की नाही, आणि धरायचा तर कशासाठी, याचा थोडा विचार आज आपल्याबरोबर करावा असा माझा मानस आहे.

मी हे बेंगळुरूहून बोलतो आहे, आणि या विषयाला हे गाव मोठे सोयीचे आहे. मिरजेकडून येणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस सकाळी इथे पोहोचते, तेव्हा जून-जुलैच्या दिवसांत तिच्यातून कागदपत्रांची फाईल छातीशी धरलेले वडील आणि त्यांच्यामागून अर्धवट झोपेत चालणारी मुले उतरताना दिसतात. ही वहिवाट आजची नाही. बेंगळुरूचे बी. एम. एस. कॉलेज १९४६ साली खाजगी प्रयत्नातून उभे राहिले, मणिपालचे १९५७ साली निघाले, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे महाराष्ट्रात मात्र सरकारी आणि मोजक्या अनुदानित संस्थांवाचून सोय नव्हती. ज्यांचे गुण थोडे कमी पडत आणि ज्यांच्या वडिलांपाशी देणगी भरण्याइतके पैसे असत, ती मराठी मुले कर्नाटकाची वाट धरीत. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३ साली, महाराष्ट्राने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली आणि हा ओघ बराचसा घरच्या घरी वळला. हे चांगले झाले की वाईट, याविषयी अजून वाद चालतो. मला इतकेच दिसते, की पूर्वी दुर्मिळ असलेली गोष्ट त्यामुळे सुलभ झाली, आणि जी गोष्ट सुलभ होते तिच्याविषयी विचार करण्याचे माणसे हळूहळू सोडून देतात.

परंतु बेंगळुरू आणि महाराष्ट्र यांच्यामधला इंजिनीअरिंगचा रस्ता प्रथम उलट दिशेने चालला होता, हे आपल्यांतील पुष्कळांच्या ध्यानात नसेल. १८८१ च्या सुमारास बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून बी. ए. झालेला एक तरुण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्याचे वडील तो शाळकरी वयाचा असतानाच वारले होते. कॉलेजात शिकत असताना एका कूर्गी कुटुंबातील मुलांना शिकवून तो आपला खर्च भागवीत असे. सेंट्रल कॉलेजचे प्राचार्य चार्ल्स वॉटर्स यांचा त्याच्या गणितावर लोभ होता; त्यांनी त्याला वेब्स्टरचा शब्दकोश भेट दिला होता. पुण्याला तो गेला तो म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर. आता, या तरुणाने इंजिनीअरिंगच का निवडले? लहानपणी त्याने नदीवर मातीचे बांध घातले होते काय, किंवा घड्याळे उघडून पाहिली होती काय? तसे काही सांगितले जात नाही. शिष्यवृत्ती मिळत होती, गणित चांगले होते, आणि शेवटच्या परीक्षेत जो पहिला येई त्याला मुंबई सरकारची नोकरी मिळत असे. १८८३ साली तो पहिला आला, आणि १८८४ साली सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिक विभागात रुजू झाला.

ही हकीकत मी मुद्दाम सांगतो आहे. अलीकडे मुलांना एक उपदेश सरसकट केला जातो, की ज्याची आवड असेल तेच करा, पोटापाण्याचा विचार मनात आणू नका. सतरा वर्षांच्या मुलाला हा उपदेश करणे म्हणजे पोहायला न शिकलेल्याला कोणता समुद्र आवडतो असे विचारण्यासारखे आहे. पोटाचा विचार हा हीन विचार नव्हे. ज्या घरात वडील नाहीत, किंवा असून कमाई बेताची आहे, तिथल्या मुलाने चार वर्षांनी हाती पगार येईल असा अभ्यासक्रम निवडला, तर त्याने आपल्या आत्म्याशी प्रतारणा केली असे मी तरी म्हणणार नाही. विश्वेश्वरय्यांची गोडी कामातून वाढली. खानदेशात पांझरा नदीच्या पात्राखालून पाण्याचा नळ नेण्याचे काम त्यांच्याकडे आले ते नोकरीच्या आरंभीच. ते ऐन पावसाळ्यात, पुरांना तोंड देत करावे लागले. नंतर सिंधमध्ये सक्करचा पाणीपुरवठा, मग पुण्याच्या परिसरातील कालवे. नीरा कालव्यावर पाणी कुणाला किती, या प्रश्नाला त्यांनी हात घातला, आणि वरच्या अंगाच्या गावांनी सगळे पाणी उसाला ओढून न्यावे हे थांबवण्यासाठी कालव्याखालची जमीन गटागटांनी विभागून, पिकांची पाळी ठरवून पाणी देण्याची पद्धत सुचवली. तिला प्रथम शेतकऱ्यांचा विरोधच झाला. म्हणजे पाहा, गणितात पहिल्या आलेल्या माणसाला पुढे जे काम करावे लागले ते निम्मे गणिताचे आणि निम्मे माणसांच्या मनाचे होते. कोणत्याही प्रवेशपरीक्षेत या दुसऱ्या निम्म्याचा एकही प्रश्न नसतो.

तेव्हा, आवड आहे की नाही, हा प्रश्न मला फारसा उपयोगी वाटत नाही. त्यापेक्षा दुसरा प्रश्न विचारावा: या कामातला जो रुक्ष भाग आहे तो आपल्याला सोसेल काय? प्रत्येक धंद्याला एक रुक्ष भाग असतो. आमच्या सरकारी कचेरीत तो टिपणी आणि शेरे यांचा असतो. इंजिनीअरच्या कामात तो आकडेमोडीचा, मोजमापाचा, आणि एकदा तपासलेले पुन्हा तपासण्याचा असतो. पूल उभा राहिला की त्याचे छायाचित्र छापून येते. त्याआधी मातीचे नमुने किती ठिकाणी घेतले, खडक किती खोलीवर लागला, सिमेंटचे ठोकळे सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी दाबून पाहिले तेव्हा किती भार सोसला, याचे तक्ते कुणी छापत नाही. संगणकाचे काम करणाऱ्यांची गोष्ट याहून निराळी नाही. नवे लिहिण्यापेक्षा दुसऱ्याने लिहिलेल्यातला दोष शोधण्यातच त्यांचा दिवस जातो, असे या गावातील कितीतरी तरुण सांगतात. गणिताच्या उत्तरात एक शून्य चुकले तर ज्याला रात्री झोप येत नाही, त्याने या वाटेला खुशाल जावे. ज्याला ‘चालायचेच’ असे वाटते, त्याने आपल्या आणि इतरांच्याही हितासाठी दुसरे काही पाहावे.

हे थोडे कठोर वाटेल. पण मी का म्हणतो ते सांगतो. पुण्याजवळ मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण आहे. १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी त्या धरणाच्या सांडव्यावर आपोआप उघडमीट होणारे दरवाजे बसवले. धरणाची भिंत न वाढवता तलावात सुमारे ८ फूट अधिक पाणी साठवावे, आणि पूर त्या पातळीच्या वर जाऊ लागला की दरवाजांनी आपणहून उघडून जादा पाणी सोडून द्यावे, अशी ती रचना होती. पुढे तशीच योजना ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही झाली. आता याच खडकवासल्याच्या वरच्या अंगाला, आंबी नदीवर, स्वातंत्र्यानंतर पानशेतचे मातीचे धरण बांधावयास घेतले. ते पुरते झालेले नसतानाच १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडणारा जो काँक्रीटचा मार्ग होता, त्यात आवश्यक ते लोखंड घातलेले नव्हते. वरच्या मातीच्या भाराने तो खचू लागला आणि त्याबरोबर धरणाचा माथाही खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूच्या गोण्या रचल्या. १२ जुलै १९६१ च्या सकाळी धरण फुटले; त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचे धरणही फोडले, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत जे झाले ते आपल्यांतील वडीलधाऱ्या मंडळींनी डोळ्यांनी पाहिले आहे किंवा आईवडिलांच्या तोंडून ऐकले आहे. त्या दिवशी शंभरीच्या घरात पोचलेले विश्वेश्वरय्या हयात होते. पुढच्या वर्षीच्या एप्रिलात ते इथे बेंगळुरूला वारले.

चौकश्या झाल्या, ठपके ठेवले गेले, ते सगळे बाजूला ठेवू. इंजिनीअर होऊ पाहणाऱ्या मुलाने त्यातून एकच गोष्ट ध्यानात घ्यावी असे मला वाटते. वकिलाची चूक वरच्या कोर्टात दुरुस्त होऊ शकते. माझ्यासारख्याची चूक पुढच्या टिपणीत झाकता येते. इंजिनीअरची चूक जमिनीखाली गाडली जाते आणि तिथे वाट पाहते. काम लवकर उरका असा वरून तगादा असतो, पैसा संपत आलेला असतो, पावसाळा तोंडावर असतो. अशा वेळी ‘हे लोखंड घातल्याशिवाय मी पुढचा थर टाकू देणार नाही’ असे म्हणण्याची ताकद ज्याच्या अंगी आहे तोच खरा इंजिनीअर. पदवी देणाऱ्या विद्यापीठाला ही ताकद तपासता येत नाही. मुलगा लहानपणापासून खोटे सांगताना गडबडतो की सराईतपणे सांगतो, हे आईबापांनाच ठाऊक असते. आणि माझ्या मते त्या माहितीला सीईटीच्या गुणांपेक्षा जास्त किंमत आहे.

आता याच्या उलट बाजूची एक गोष्ट. बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा एक मुलगा चित्रकार होण्याच्या इच्छेने मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. पुढे असे आढळून आले, की त्याला काही रंगांमधला फरकच ओळखू येत नाही. चित्रकाराच्या दृष्टीने यापरते दुर्दैव कोणते? पण रेषेवर त्याचा हात चांगला होता. तो व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांची चित्रे काढावयास शिकला आणि तिथेच शिक्षक झाला. हेच लक्ष्मणराव किर्लोस्कर. बढतीच्या वेळी आपल्याला डावलले गेले म्हणून नोकरी सोडून ते बेळगावला आले. भावाबरोबर सायकलीचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असे शेतकऱ्यांना वाटे, म्हणून नांगर पडून राहिले असे सांगतात. पुढे औंधच्या राजांनी जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. त्यांच्याच घराण्यातून हरिहरला यंत्रांचा कारखाना निघाला आणि १९४६ साली बेंगळुरूला विजेच्या मोटारींचा. लक्ष्मणरावांपाशी इंजिनीअरिंगची पदवी नव्हती. आणखी एक गंमत सांगतो. सांगलीच्या इंजिनीअरिंग कॉलेजला १९५५ पासून ज्या वालचंद हिराचंदांचे नाव आहे, आणि ज्यांनी १९४० साली या बेंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभारले, तेही पदवीधर इंजिनीअर नव्हते, ठेकेदार होते.

म्हणून पदवीला काही अर्थ नाही, असा निष्कर्ष कुणी काढू नये. लक्ष्मणरावांच्या काळात नांगर घडवायला पदवी लागत नव्हती. आज विमानाच्या पंखाचा आराखडा करायला ती लागतेच. माझे म्हणणे इतकेच, की इंजिनीअरची वृत्ती आणि इंजिनीअरची पदवी या दोन वस्तू आहेत. त्या एकत्र असल्या तर दुधात साखर. नुसती वृत्ती असली तर माणूस कुठेतरी तरून जातो. नुसती पदवी असली तर मात्र काय होते, ते पाहावयाचे असेल तर या शहरात सायंकाळी कोणत्याही बसथांब्यावर उभे राहावे.

कारण हे शहर पदवीधर इंजिनीअरांचे आहे. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ साली इथे आली. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने इथे बस्तान बसवले. आणि त्यानंतर जे झाले ते जगजाहीर आहे. स्थापत्य शिकलेला, यंत्र शिकलेला, रसायन शिकलेला, सगळे एकाच प्रकारच्या खुर्चीवर येऊन बसले. त्यांतून पुष्कळांचे भले झाले. आईवडिलांचे कर्ज फिटले, गावी घर झाले, बहिणीचे शिक्षण झाले. या भल्याला मी नाके मुरडणार नाही. परंतु चार वर्षे पुलांचा अभ्यास करून एकही पूल न बांधलेला माणूस चाळिशीत भेटला, की त्याच्या बोलण्यात कधीकधी एक विचित्र रितेपणा जाणवतो. शिवाय आता यंत्रेच संगणकाचे साधे कार्यक्रम लिहू लागल्यामुळे नवशिक्याच्या हातचे सोपे काम कमी होऊ लागले आहे. केवळ ‘तिथे नोकरी मिळतेच’ या एका खुंटीला चार वर्षे आणि घरची शिल्लक टांगून ठेवणे पूर्वीइतके निर्धास्त राहिलेले नाही.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने हाच प्रश्न मला विचारला. “मामा, मला इतिहास आवडतो; पण बाबा म्हणतात आधी इंजिनीअरिंग कर, मग काय ते कर. तुम्ही तर एम. ए. केलेत. तुमचे काय बिघडले?” मी त्याला म्हटले, “अरे, माझे काही बिघडले नाही. पण मी एम. ए. झालो तेव्हा पुढे काय, हे मलाही कळत नव्हते, आणि ती दोन वर्षे तुझ्या आजोबांनी कशी काढली ते तू आजीला विचार. तू इतिहास घे. पण इंजिनीअरिंग टाळायला म्हणून घेऊ नकोस. गणिताला भिऊन इतिहासाकडे आलेला माणूस इतिहासातही सनावळीला भितो.” त्याच्या वडिलांनाही मी एक गोष्ट सांगितली. ‘आधी हे, मग ते’ या हिशेबात मुलाची चार वर्षे जातात ती परत येत नाहीत. आणि जे काम मनापासून करायचे नाही असे आधीच ठरले आहे, त्याच्यासाठी एखाद्या दुसऱ्या मुलाची जागा अडवणेही बरे नव्हे. पुढे त्यांनी काय ठरवले ते सांगण्याचा मला अधिकार नाही.

संस्था कोणती, यावर आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त झोप घालवली जाते. इन्फोसिसचे नारायण मूर्ती हे शिक्षकाचे चिरंजीव. आय. आय. टी.त प्रवेश मिळत असूनही घरच्या परिस्थितीमुळे ते तिथे जाऊ शकले नाहीत, आणि म्हैसूरच्याच कॉलेजातून १९६७ साली पदवीधर झाले, कानपूरच्या आय. आय. टी.त ते गेले ते त्यानंतर. मुलींच्या बाबतीत तर संस्थेपेक्षा दाराचाच प्रश्न होता. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, हुबळीच्या कॉलेजात आपल्या वर्गात एकट्याच मुलगी होत्या. १९७४ साली बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकत असताना त्यांनी टेल्कोची जाहिरात पाहिली. तीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून विचारले, की असे का? त्यांना मुलाखतीला बोलावणे आले आणि नोकरी मिळाली. आज ते दार उघडे आहे. तरीही ‘साइटवर उन्हातान्हात तुला कसे झेपेल’ असे विचारणारे काका प्रत्येक घरात एखादा तरी असतोच. त्यांना मुलीनेच उत्तर द्यावे. आईबापांनी मध्ये पडू नये.

आता थोडे व्यवहाराचे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, हा मार्ग मध्यमवर्गीय घरांत उगीच कमी प्रतीचा मानला जातो. ज्याला हाताने काम करून पाहायचे आहे, आणि आवड खरी की ऐकीव हे थोड्या खर्चात तपासायचे आहे, त्याच्यासाठी याहून शहाणपणाचा रस्ता मला दिसत नाही. तीन वर्षांनी मन विटले, तरी हाती एक विद्या राहते. भाषेच्या भीतीने मागे हटणाऱ्यांसाठी २०२१ पासून मराठीसारख्या भारतीय भाषांतून पदवीचे शिक्षण देण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने परवानगी दिली आहे. त्याचा लाभ घ्यावा. मात्र तांत्रिक इंग्रजी वाचता येण्याची तयारी सोडू नये, कारण यंत्राबरोबर येणारी माहितीपुस्तिका अजून मराठीत येत नाही.

आणि फी भरण्यापूर्वी एक दिवस खर्च करावा. महाविद्यालयाची रंगीत माहितीपत्रके, वसतिगृहाची छायाचित्रे, कुणाला किती लाखांची नोकरी लागली याचे फलक, हे सगळे घटकाभर विसरून मुलाला घेऊन एखाद्या कारखान्यात, धरणाच्या किंवा इमारतीच्या कामावर, नाहीतर विजेच्या उपकेंद्रावर जावे. ओळख काढावी, आपल्या लोकांत ओळख निघत नाही असे होत नाही. बेंगळुरूत असाल तर पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत जा. पुण्याकडे भोसरी आहे, कोल्हापूरला शिरोली आहे, बेळगावला उद्यमबाग आहे. तिथल्या छोट्या कारखान्यात सकाळी पाळी सुरू होताना उभे राहावे. मुलाला काही समजावून सांगू नये. तो काय पाहतो ते फक्त पाहावे. लेथवरचा कामगार लोखंडाचा तुकडा बसवतो, मायक्रोमीटरने मोजतो, मान हलवतो, पुन्हा काढतो, पुन्हा मोजतो. दहा मिनिटांनी मुलगा मोबाइल काढून बसला, तर त्याच्यावर रागावू नका. त्याने आपले उत्तर दिलेले आहे. आणि तो हळूच त्या कामगाराच्या जवळ सरकून, “काका, किती कमी पडत होतं?” असे विचारू लागला, तर परतीच्या गाडीची वेळ थोडी पुढची धरा.